तुकडेबंदी : १९२७ चा वाद आणि आपला सातबारा

मंडळी, गेले बरेच महिने गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे या आमच्या पट्ट्यात चार माणसं जमली की बोलणं फिरून तुकडेबंदीवर येतं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्र्यांनी नागरी भागातल्या आणि त्यालगतच्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना मोकळीक द्यायची घोषणा केली, तेव्हापासून तर जास्तच. एक बाजू म्हणते, हा इंग्रजांच्या डोक्यातून निघालेला जुनाट कायदा, काढून टाका. दुसरी बाजू म्हणते, हा गेला तर कोकण गुंठ्या-गुंठ्याने विकलं जाईल. आणि दोन्ही बाजू इतिहासाचा दाखला देतात. एकाने तर सांगितलं, "बाबासाहेबांनी सुद्धा तुकडेबंदीला विरोध केला होता."

विरोध केला होता, हे खरं आहे. पण कशासाठी, ते बघितल्याशिवाय तो दाखला वापरता येत नाही. म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून ही जरा लांबलचक नोंद लिहितोय. सवडीने वाचा.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९४७ चा मुंबई इलाख्याचा कायदा : तुकडे पाडण्यास प्रतिबंध आणि जमिनींचं एकत्रीकरण. प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी एक किमान क्षेत्र ठरवायचं, त्याला प्रमाणभूत क्षेत्र म्हणतात. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याखालचा तुकडा पडेल अशी विक्री करता येत नाही, आणि वाटणीही करता येत नाही. आधीपासून असलेला तुकडा विकायचा तर लगतच्या शेतकऱ्यालाच. हेतू साधा : शेत इतकं लहान होऊ नये की नांगर फिरवायला जागा उरणार नाही.

हा हेतू आला कुठून? त्यासाठी पुण्याजवळच्या एका गावात जावं लागतं.

पिंपळे सौदागर, १९१७

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर हे गाव घेऊन घराघरात, शेताशेतात जाऊन पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली. त्या काळी अशी पाहणी नवीनच होती. त्यांचा हिशोब असा : १७७१ मध्ये त्या गावात दर खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. १५६ खातेदारांच्या जमिनी ७२९ तुकड्यांत विखुरलेल्या होत्या. त्यातले ४६३ तुकडे एका एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान.

हे आकडे वाचून सरकारी वर्तुळात खळबळ झाली. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग हे आधीपासूनच म्हणत होते की कायद्याने तुकडे थांबवा. बडोदा संस्थानानेही याच सुमारास समिती नेमली. सगळ्यांचं निदान एकच : जमीन लहान झाली म्हणून शेतकरी गरीब झाला. मग औषधही एकच : जमीन लहान होऊ देऊ नका.

१९१८ : एका तरुणाचा उलटा प्रश्न

डॉ. आंबेडकर तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेले. त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला आणि या सगळ्या निदानालाच हात घातला.

त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. शेत लहान की मोठं, हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही. त्या शेतावर किती हात राबतायत, किती बैल आहेत, किती अवजारं आहेत, किती भांडवल आहे, त्याच्याशी ताडून ते ठरतं. दोन एकर एखाद्याला पुरेल, आणि बैलच नसलेल्याला तेच दोन एकर जड जाईल. आपल्याकडे भांडवल आणि अवजारं इतकी तुटपुंजी, की त्या मापाने बघितलं तर आहे ती जमीनसुद्धा जास्तच म्हणावी लागेल. आणि खरा रोग वेगळाच आहे : जमिनीवर पोट भरणारी माणसं जास्त, दुसरा कामधंदा नाही. तो धंदा काढा, उद्योग काढा, म्हणजे जमिनीवरचा भार कमी होईल. विखुरलेले तुकडे एकत्र आणणं चांगलं, पण तेवढ्याने रोग जाणार नाही.

कृषी सहाय्यक आणि विद्यापीठाची मंडळी ही नोंद वाचत असतील तर त्यांना सांगायला नको, हा आपल्या रोजच्या कामातला मुद्दा आहे. एकरी हिशोब मांडताना आपण बी, खत, मजुरी धरतो. पण टिलर किती गुंठ्यांवर परवडतो, हे गावोगाव वेगळं असतं.

१९२७ : कौन्सिलातला वाद

पुढे १९२७ मध्ये मुंबई सरकारने लहान खातेदारांसंबंधी विधेयक आणलं. चुनीलाल मेहता यांनी ते मांडलं. क्षेत्राचं किमान माप ठरवायचं आणि त्याखाली जमिनीची वाटणी होऊ द्यायची नाही, असा त्याचा गाभा. १० ऑक्टोबर १९२७ ला आंबेडकर कौन्सिलात त्याविरुद्ध बोलले.

त्यांची भीती काय होती? जमिनीची वाटणी बंद केली तर मोठा तुकडा एकाच्या नावावर राहील आणि बाकीचे भाऊ भूमिहीन होतील. शेताचा आकार वाढेल, पण गावात मजुरांची फौज उभी राहील. त्यावर त्यांनी दुसरा रस्ता सुचवला : मालकी ज्याची त्याच्याकडेच राहू दे, पण लहान लहान पट्ट्यांची कसणूक सहकाराने एकत्र करा. म्हणजे मालकी वेगळी आणि कसणं वेगळं, ही फोड त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली होती.

विरोध इतका झाला की ते विधेयक बारगळलं. वीस वर्षांनी, १९४७ मध्ये, तोच विचार कायदा होऊन आला.

मग झालं काय?

भाऊ भूमिहीन झाले का? निदान आपल्याकडे तसं झालं नाही. झालं ते वेगळंच. जमिनीचे तुकडे कागदावर थांबले, पण नावं थांबली नाहीत. बाप गेला की वारस म्हणून चार नावं चढली. त्यातला एक गेला की आणखी पाच. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता, आणि त्यांची नावं चढली. वाटणी मात्र करता येत नाही, कारण तुकडा पडतो.

आमच्याच घरच्या एका सर्व्हे नंबरचं सांगतो. भाताची ३२ गुंठे जमीन. सातबाऱ्यावर १९ नावं. गावात राहणारे आम्ही तिघे. बाकीचे मुंबई, ठाणे, पुणे, एक घर गुजरातेत. सरासरी काढली तर माणशी पावणेदोन गुंठेसुद्धा येत नाहीत. जिरायतीचं माप २० गुंठे, म्हणजे या जमिनीचे सरळ दोन भागही कायद्याने होत नाहीत. कसतो मी. पण योजनेत नाव घालायचं तर बाकी अठरा जणांची संमती लागते. वादळात झाडं पडली, मदत आली, तरी सामाईक खातं म्हटल्यावर आधी संमतीपत्र. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन वादळांनंतर हा अनुभव किनाऱ्यावर कितीतरी घरांनी घेतला आहे.

म्हणजे १९४७ च्या कायद्याने मोजलं ते क्षेत्र. अडलं ते मात्र निर्णय घेण्यावर.

कोकणात तुकडे का पडले?

घाटावरच्या मित्रांना वाटतं, कोकणी माणूस भांडकुदळ, म्हणून तुकडे. तसं नाही हो. आपल्या जमिनीची ठेवणच बघा. समुद्राकडेला माड-पोफळीचं आगर, त्याच्या मागे भाताची खाचरं, मग उतारावरची वरकस जमीन, आणि वर कातळ. प्रत्येकाचा उपयोग वेगळा. भाताला तरवा भाजायला कवळ आणि गवत लागायचं, ते वरकसातून यायचं. तीन भावांत वाटणी करताना एकाला सगळं आगर आणि दुसऱ्याला सगळा कातळ दिला तर तो न्याय कसला? म्हणून प्रत्येक प्रकारातला एकेक हिस्सा प्रत्येकाला. तुकडे पडले ते न्यायाने वाटल्यामुळे. एका जागचं पीक गेलं तरी दुसऱ्या जागचं हाताशी राहायचं, हा त्यातला शहाणपणाही होता.

दुसरी गोष्ट खोतीची. जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती होती. सारा गोळा करायचा तो खोताने, आणि कसणाऱ्या कुळाने पिकाचा वाटा त्याला घालायचा. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक पास झालं नाही. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. नंतर कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारं कूळ मालक मानलं गेलं. ज्यांच्या घरात ३२ म चं प्रमाणपत्र ट्रंकेत जपून ठेवलंय, त्यांना त्या कागदाची किंमत सांगायला नको. पण कूळ कसत होतं तेवढाच तुकडा त्याच्या नावावर आला. म्हणजे आपल्याकडचे कितीतरी लहान तुकडे हे कुणाच्या हट्टाने पडलेले नाहीत. ती अनेक घरांची पहिली मालकी आहे.

तिसरी गोष्ट मुंबई. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात तिथल्या कामगारांत आपल्या जिल्ह्याची माणसं फार मोठ्या संख्येने होती. लहान शेत आणि मनीऑर्डर, या दोन पायांवर घर उभं होतं. १९१८ च्या निबंधातला उपाय, म्हणजे माणसं उद्योगात जाणं, तो कोकणाने आपला आपण केला होता. तरी शेत सुधारलं नाही, कारण मुंबईचा पैसा घराच्या खर्चात गेला आणि गेलेल्या माणसाचं नाव मात्र सातबाऱ्यावरच राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, आणि तो दुसरा पायही गेला.

भीती कुळाची

आता कळीचा मुद्दा. आज गावात पडीक खाचरं दिसतात. मुंबईतला हिस्सेदार कसत नाही आणि गावातल्याला कसायला देतही नाही. दिली तर तोंडी. कागद करायला सांगा, की म्हणतो, "उद्या कूळ लागलं तर?"

ही भीती १९५७ ची आहे. ज्या कायद्याने आपल्या आजोबांना मालक केलं, त्याच कायद्याच्या आठवणीने आज नातू जमीन करारावर द्यायला घाबरतो. त्यामुळे कसणाऱ्याच्या हातात कागद नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, फळपीक विमा नाही, नुकसानभरपाई नाही. नीती आयोगाच्या हक समितीने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला. त्याचा गाभा हाच : मालकाची मालकी सुरक्षित, आणि कसणाऱ्याला कर्ज-विम्याचा हक्क. १९२७ ची ती फोड इथे पुन्हा भेटते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर जमीन सुधारणा करून कुळांना लहान लहान तुकड्यांचे मालक केलं, आपल्या कुळकायद्यासारखंच. पुढे तरुण शहरात गेले, मालक सापडेनासे झाले, शेतं पडीक राहिली. २०१४ मध्ये त्यांनी प्रांतवार शेतजमीन बँका काढल्या : लहान मालकांकडून जमीन भाड्याने घ्यायची, सलग करायची, आणि कसणाऱ्याला द्यायची. विकायची सक्ती कुणालाच नाही. आणि १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची केली, तीन वर्षांच्या आत.

मग आज काय मागायचं?

आता सुरुवातीच्या दाखल्याकडे येतो. आंबेडकरांनी १९२७ मध्ये विरोध केला तो शेतकरी भूमिहीन होऊ नये म्हणून. आज गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यापासून जवळची जमीन शेतीच्या भावाने कोण विचारतो? भाव चालतो तो हॉटेलचा आणि बंगल्याचा. अशा ठिकाणी सरसकट तुकडेबंदी उठवली, तर अडचणीतला एक हिस्सेदार दोन गुंठे विकतो, मग दुसरा, आणि खाचराच्या मधोमध कुंपण पडतं, पाणी अडतं. १९२७ ला ज्याची भीती होती तेच, फक्त उलट्या दाराने. त्यामुळे त्यांचं नाव घेऊन "कायदा काढा" म्हणणं म्हणजे निकाल उचलायचा आणि कारण मागे टाकायचं. तसंच, "कायदा आहे तसाच ठेवा" म्हणणाऱ्यांनी एकोणीस नावांच्या सातबाऱ्याकडे बघावं. तिथे कायद्याने शेती वाचवलेली नाही.

पिंपळे सौदागरचं आज काय झालंय, तेही बघा. ते गाव आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, शेतांच्या जागी इमारती आहेत. तिथला तुकड्यांचा प्रश्न कायद्याने सुटला नाही, शहराने गिळला. आपल्याला तसं नको असेल तर ग्रामसभेत नुसतं "काढा" किंवा "ठेवा" म्हणून भागणार नाही. माझ्या मते मागायचं ते असं :

एक, वाटणी आणि विक्री वेगवेगळी धरा. हिस्सेदारांना आपसांत, जमीन शेतीखालीच ठेवण्याच्या अटीवर, मापाखालीही वाटणी करू द्या. बाहेरच्याला विक्रीची मोकळीक हा वेगळा विषय आहे. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी होते, त्यातच ही सोय बसवता येईल.

दोन, हिस्सा विकायचाच असेल तर आधी सहहिस्सेदाराला विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये वारसांना असा पहिला हक्क आहे, पण गावात तो किती जणांना माहीत आहे? तलाठी कार्यालयात तो मराठीत लिहून लावायला हवा.

तीन, कूळहक्क लागणार नाही असा ठराविक मुदतीचा लेखी करार कायद्याने मान्य करा, आणि त्या कागदावर कर्ज, विमा, भरपाई द्या. मालकाची भीती जाईल आणि कसणाऱ्याला आधार मिळेल.

चार, योजनेसाठी सगळ्यांची संमती मागण्याऐवजी ठराविक हिश्श्याची संमती पुरे धरा. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड आली, वरकसात आणि कातळावर आंबा-काजू उभा राहिला. ज्यांचा सातबारा सुटसुटीत होता त्यांना ते सोपं गेलं. ज्यांची नावं अडकली त्यांचा कातळ तसाच राहिला.

पाच, वारसनोंद वेळेत. हे सरकारचं काम आहेच, पण आपलंही आहे.

यातलं एकही मी नवीन शोधलेलं नाही. मालकी आणि कसणूक वेगळी करण्याचा विचार १९२७ चा, हातांशी आणि अवजारांशी ताडून जमीन मोजण्याचा १९१८ चा, आणि कूळहक्काच्या भीतीचं मूळ १९५७ चं. वाद जुना असला की एक फायदा असतो : कोणतं औषध आधी देऊन झालंय आणि त्याने काय झालं, ते बघता येतं.

पुढच्या ग्रामसभेत तुकडेबंदीचा विषय निघाला तर जाताना सातबारा बरोबर न्या. क्षेत्र तर सगळेच मोजतात. त्यावर नावं किती, त्यातली गावात राहणारी किती, आणि प्रत्यक्ष कसणारा कोण, हे तीन आकडे लिहून न्या. दहा घरांनी असे आकडे मांडले तरी बोलणं "काढा-ठेवा"च्या पुढे जाईल. तुमच्या गावचे आकडे मलाही कळवा. भातकापणी आटोपली की आपल्या पट्ट्याचे एकत्र मांडून इथे लिहीन.